तहानलेला गणपती

२ सप्टेंबर, मंगळवार

देवळीच्या अलीकडे गाडी बंद पडली. खोकली नाही, कण्हली नाही, चालता चालता एकदम गप झाली. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून राह्यला. मी उतरले, खिडकीतून एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि खांदा लावून ढकलत कडेला नेली. साडीचा काठ चाकाखाली आला तो फाटलाच. हे आत बसून होते. ह्यांना ढकलायला सांगणार तरी कसं, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो.

ट्रक गेला तसं हे हळूच म्हणाले, "बरं झालं." मी म्हटलं, हो, थोडक्यात वाचलो.

पंधरा-वीस मिनिटांनी चावी फिरवली तर लागली, जसं काही झालंच नाही. सेवाग्रामला पोचलो ते उशिरानंच. सिस्टर म्हणाली, "काकू, अजून उशीर केला असता तं मशीन दुसऱ्याले द्या लागली असती."

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आईनं शिकवलं, पण डायरीत घ्यायला काय जातं? योगेंद्र. पुलगावात ह्यांचं मोटारी बांधायचं दुकान होतं, विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या विजेच्या मोटारी आणायचे लोक. दीड वर्षापूर्वी दोन्ही किडन्या गेल्या आणि दुकानाला कुलूप लागलं. आता मंगळवार आणि शुक्रवार नाचणगावहून सेवाग्राम, रक्त धुवायला. गाडी ह्यांचीच, वीस वर्षांची जुनी. चालवते मी. शिकवली ह्यांनीच, शिव्या देत देत.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पुलगावच्या हेमराज मेकॅनिकनं काल सगळे प्लग बदलले. छातीवर हात ठेवून म्हणाला, "काकू, आता मुंबईले घेऊन जा." मला सेवाग्रामपर्यंत गेली तरी पुष्कळ आहे बावा.

आज नीट गेली, नीट आली. पण मी प्लगच्या भरवशावर नव्हते. डॅशबोर्डवर केळझरहून आणलेला गणपती आहे, ह्यांनीच पक्का चिकटवलेला. मागच्या वर्षी मी नवस बोलले, की हे सेवाग्रामला जातील त्या प्रत्येक दिवशी गाडी काढण्याआधी जागेवर आंघोळ घालीन. एकदाच घाईत विसरले, तर त्याच दिवशी मशीनवर असताना ह्यांचं बीपी इतकं खाली गेलं की डॉक्टर पळत आले. तेव्हापासून खेप चुकवली नाही. पळीभर पाणी, कुंकू, दोन दूर्वा. आज पळी राहू दिली आणि अर्धा तांब्या घातला. मंगळवारी अडवलं होतं ना त्यानं, म्हटलं काही कमी पडत असेल.

गंमत म्हणजे एवढं पाणी घातलं तरी वर थेंब राहत नाही. काचेखालच्या जाळीला लागूनच बसवलाय, तिथेच कुठे मुरतं. मी म्हटलं, "पाहा, कसा पिऊन घेते."

हे म्हणाले, "पिऊ दे त्याले. त्याले कोन मोजून देते?"

ह्यांना दिवसभरात पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच वरण. माठ मी स्वयंपाकघरात आत ठेवलाय, झाकणावर पाटा. चोरापासून लपवावं तसं पाणी लपवते मी नवऱ्यापासून.

जाताना वाटेत ह्यांनी मोजे काढून पिशवीत टाकले. ओले झाले म्हणे. मी अंगणात सडा जरा जास्तच टाकते, त्यातून चालत आले असतील.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज येताना बंद पडली, भर देवळीच्या बाजारात. डायलिसिसनंतर ह्यांना उलट्या होतात. मी एका हातात पिशवी धरलेली, दुसऱ्यानं चावी फिरवतेय, आणि बाजूला चार रिकामटेकडे उभे. एक जण म्हणतो, "बाई, गेर पडला का?" गिअर पडला म्हणे! तुझ्या डोक्यात पडला मेल्या.

हेमराज मोटरसायकलवर आला. आता म्हणतो पेट्रोलचा पंप. आठ दिवसांत त्याला तिसरा आजार सापडला. आधी प्लग, मग कॉइल, आता पंप. प्रत्येक वेळी छातीवर हात आहेच.

घरी आल्यावर मी म्हटलं, पुढच्या खेपेला भाड्याची गाडी सांगू. हे कॉटवर भिंतीकडे तोंड करून निजले होते, तसेच बोलले. "दुसऱ्याच्या गाडीत नाई. मागं त्या पोट्ट्याच्या सीटवर उलटी झाली तं माह्यासमोर नाक दाबून बादली घेऊन आला. आपली गाडी आहे तोवर येईन. ते बंद, तं मी बी बंद."

मी म्हटलं, असं अभद्र बोलाचं काम नाई. पण रेल्वेचे जिने ह्यांना चढवत नाहीत आणि एसटीत मागे एकदा उभ्यानं कोसळले होते. म्हणजे आता सगळं त्या गाडीवर येऊन ठेपलं. मला आज जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं! म्हणजे हेमराज म्हणतो सापडलं.

पंप बदलूनही सकाळी गाडी लागेना. त्यानं मला बाजूला बसवलं आणि चावी अर्धी फिरवली. "काकू, एथं पिवळा दिवा लागाले पाह्यजे. इंजिनचा. अन् मागून पंपाचा घुंऽ आवाज याले पाह्यजे. दोन्ही नाई. म्हणजे डोकंच उठून नाई राह्यलं."

"कोनाचं डोकं?"

"गाडीचं. कम्प्युटर."

वीस वर्षांच्या गाडीत कम्प्युटर असतो हे मला आज कळलं. डावीकडे, हे बसतात तिथे, पायांच्या वरच्या अंगाला डॅशबोर्डच्या आत असतो. चपट्या जेवणाच्या डब्याएवढा. इंजिनला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तोच सांगतो. हेमराजनं स्क्रू काढून उघडला तर आत हिरवं हिरवं साचलेलं आणि कडेला तांबडे ओघळ. "गंज," तो म्हणाला, "पावसाळ्याची ओल. ह्या जुन्या गाड्यायचं असंच राह्यते."

हे ओट्यावर खुर्चीत बसून पाहत होते. मी म्हटलं, "तुमी जन्मभर मोटारी बांधल्या, पाहा ना जरा." ह्यांनी डबा हातात घेतला, तांबड्या ओघळावर बोट घासलं, बोटाकडे बराच वेळ पाहिलं आणि डबा परत दिला. "ते मोटारीचं काम होतं. हे वेगळं आहे." मला इतका राग आला! परक्याच्या विहिरीवरच्या मोटारीसाठी उपाशी बसायचे, आणि घरच्या गाडीसाठी तोंडातून शब्द नाही.

हेमराजनं थिनरनं घासून, उन्हात वाळवून परत बसवला. पिवळा दिवा लागला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

एकदाही थांबली नाही. सकाळी गणपतीला पूर्ण तांब्या घातला. त्यानंच हेमराजला बुद्धी दिली, तर आता हात आखडता घेऊन कसं चालेल. नेहमीसारखाच पिऊन मोकळा झाला. ह्यांना म्हटलं, तुम्हीही हात जोडा. जोडले नाहीत. नुसते पाय उचलून वर घेतले, मांडी घालून बसले सीटवर. एवढ्याशा जागेत मांडी! लहान पोराचे चाळे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे लागलीच नाही. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. मी बॉनेटवर हात आपटले. शेजारचे सदाशिवराव बनियनवर बाहेर आले, म्हणाले माझी गाडी काढतो, चला. हे म्हणाले, "नाई."

मी पाया पडले. खरंच पडले, अंगणात, सदाशिवरावांसमोर. हे घरात गेले आणि आतून कडी लावून घेतली.

हेमराज म्हणतो डबा मेला, आता घासून काही होत नाही. दुसरा पाहावा लागेल आणि नवा तर मिळतच नाही. नागपूरला भंगारात मिळेल. मिळेल म्हणजे कधी?

१८ सप्टेंबर, गुरुवार

डबा नाही मिळाला. ह्यांचे पाय सुजलेत, दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. आकांक्षाला फोन केला. आमची पोरगी, अमरावतीला नर्सिंगला आहे. ती ओरडली, आई, उचलून ने त्यांना. कसं उचलू? अजूनही ह्यांचं वजन माझ्याहून जास्त आहे, आणि त्यातलं अर्धं पाणी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा नाही म्हणाले. आज मी भांडले. आजाऱ्याला बोलू नये ते सगळं बोलले. म्हटलं, तुमाले मराचं आहे तं मरा, पण मले रांडमुंड करून कोणती गाडी दुरुस्त होणार आहे तुमची? हे म्हणाले, "ज्योत्स्ना, तू थकली नाई का?"

मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले. डायरीत तरी खरं लिहावं. मी इतकी थकले आहे की परवा ब्लाऊज शिवताना मशीनवर झोप लागली आणि सुई बोटात गेली. पण थकले म्हणजे नको झालंय असं नाही ना.

सकाळी मात्र गाडीत जाऊन गणपतीला दोन तांबे घातले. गाडी निघणार नव्हती तरी. दुसरं माझ्या हातात आहे काय?

२१ सप्टेंबर, रविवार

सेवाग्राम. बाकावर बसून लिहिते आहे.

काल सकाळी हे एकदम उठून बसले. श्वास येईना. तोंड उघडं, डोळे बाहेर, छातीत पाणी खदखदत होतं. कोरड्या खाटेवर माणूस बुडताना मी पाहिला. हातानं माझा दंड असा पकडला की पाच बोटांचे वळ आज काळे पडलेत. बोलता येत नव्हतं, पण मान हलवत होते, नाही नाही नाही. अँब्युलन्स आली तेव्हा कोणाची गाडी, कोणाची सीट काही म्हणाले नाहीत. स्वतः हात वर केले, उचला म्हणून.

रात्र निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. पुढचं मी ऐकून घेतलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

वॉर्डात आणलं. दोन डायलिसिस झाले, पायांची सूज उतरली. आज स्वतःच्या हातानं दोन घास खाल्ले. आणि मग पहिलं काय विचारावं? "गाडी झाली का?"

मला रडू फुटलं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "माणसाचा गाडीवर लय जीव दिसते." तिला काय सांगू!

२७ सप्टेंबर, शनिवार

काल सुटी मिळाली, अँब्युलन्सवाल्यानंच सोडलं. आज हेमराज नागपूरहून डबा घेऊन आला. "सेम टू सेम, काकू." लावला. गाडी लागली, पण अशी हिसके देऊन राह्यली आणि काळा धूर सोडून राह्यली की सदाशिवरावांच्या घरात खोकले सुरू झाले. काढून पाहतो तर नंबरचा शेवटचा आकडा वेगळा. दिसायला जुळा भाऊ, पण दुसऱ्याच इंजिनचा.

"तू पाहून काऊन नाई घेतला रे?" मी ओरडले.

"चष्मा विसरलो होतो काकू."

चष्मा! माझ्या नवऱ्याचा जीव आणि ह्याचा चष्मा! मी त्याला एवढं बोलले की तो चहा न पिता गेला. तासाभरानं त्याचाच फोन, सोमवारी पुन्हा जातो म्हणे, जुना डबाच सोबत नेतो दाखवायला. माणूस वाईट नाही. डोळेच वाईट आहेत त्याचे.

३० सप्टेंबर, मंगळवार

सदाशिवरावांच्या गाडीनं गेलो. हे निमूट बसले, पिशवी स्वतः धरली. उलटी झाली, पिशवीतच झाली. उतरताना सदाशिवरावांना म्हणाले, "बम तकलीफ दिली बावा तुमाले." ह्या माणसाला झालंय तरी काय?

मी गणपतीशिवाय गेले. दिवसभर धाकधूक होती. काही झालं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

मिळाला! तोच नंबर, तोच आकडा. ह्या वेळी हेमराजनं आल्याबरोबर मला खिशातून चष्मा काढून दाखवला. डबा लावला, चावी अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. मागून घुंऽ आवाज आला. ओट्यावरून हे म्हणाले, "हां." बस, तेवढंच.

उद्या दसरा आहे. गाडीची पूजा अशी करीन की लोक पाहतील. धुऊन काढीन आतून बाहेरून, झेंडूची माळ घालीन. गणपतीच्या किती आंघोळी राहिल्यात, त्याला चांगला न्हाऊ घालणार आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

भराभर लिहिते आहे. अक्षर लागणार नाही.

सकाळी बादली, तांब्या, कुंकू, झेंडू घेऊन अंगणात आले तर हे माझ्या आधीच बाहेर. तुळशीपाशी खुर्चीत बसलेले, एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, मांडीवर गणपती. डॅशबोर्डवरून खरडून काढलेला. सोंडेपाशी टवका उडाला होता.

माझ्या अंगाची आग झाली. "काय केलं हे तुमी? सणासुदीच्या दिवशी?"

"अंगणात घाल त्याची आंघोळ. गाडीत नोको."

"काऊन? नवस गाडीतला आहे माहा."

"जाळीतून पाणी खाली जाते. खाली तो डब्बा आहे."

मी म्हटलं, "तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगते? माह्या पायावरच पडे ना."

बादली माझ्या हातातून खाली ठेवली गेली. मोजे. मांडी घालून बसणं. ते तांबडे ओघळ, ज्याला हेमराज गंज म्हणाला. माझंच कुंकू होतं ते. देवा रे, गाडी नीट चालावी म्हणून मी पळीचा अर्धा तांब्या केला, अर्ध्याचा पूर्ण केला, आणि जेवढी गाडी थांबली तेवढं जास्त ओतत गेले. गणपती पितो म्हणत होते मी. हसत होते.

"कवापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. पाणी अन् करंट, मले नाई समजणार का?"

"मंग बोलले काऊन नाई?"

हे गणपतीच्या टवक्यावरून अंगठा फिरवत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग बोलले, माझ्याकडे न पाहता. "तू रोडवर खांदा लावून ढकलत होती. मी आत बसून पाहत होतो तुले. म्हटलं, गाडी बंद पडली का सुटू. तू बी, मी बी. कोनाले काही कराचं कामच नाई, तूच पाणी टाकून राह्यली होती."

मी तांब्या बादलीत बुडवून भरला.

"अन् आज काऊन सांगतलं?"

"त्या दिवशी श्वास येत नोहता ना. मले वाटे, बंद पडल्यावर शांत असते." ह्यांनी गणपती छातीशी धरला. "नाई असत, ज्योत्स्ना. मले नाई मराचं."

तांब्या भरलेला माझ्या हातातच होता. मी तो सगळाच्या सगळा ह्यांच्या डोक्यावर ओतला. मग बादलीत बुडवून दुसरा ओतला. ओरडत होते मी, काय ओरडत होते ते सदाशिवरावांना विचारावं लागेल, ते कुंपणाशी उभे होते. ह्या माणसासाठी मी अंगणात पाया पडले. माझ्याच हातून मला विधवा करवून घेत होता हा, आणि मला नवस फेडल्यासारखं वाटत होतं!

हे हलले नाहीत. गणपतीला दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते, दोघंही निथळत. मिशीवरून पाणी ओठांवर आलं ते ह्यांनी जिभेनं टिपलं. एकदा, दोनदा. मग वर माझ्याकडे पाहिलं.

"अजून आहे का?"

मी तिथेच खाली ओल्यात बसले आणि मला हसू आलं का रडू ते देव जाणे. म्हटलं, "हे चाटलेलं आजच्या पाऊण लिटरात धरणार आहे मी."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गणपतीला तुळशीपाशी ताटलीत बसवून आंघोळ घातली. पळीभर. ताटलीत पाणी जसंच्या तसं राहिलं, एक थेंब पिला नाही. कोरडा पुसला आणि ह्यांच्या हाती दिला. डॅशबोर्डवर डिंकाचा काळा डाग तेवढा उरलाय.

देवळीच्या अलीकडे, पहिल्यांदा बंद पडली होती ती जागा आली. हे माझ्याकडे पाहत नव्हते, समोर पाहत होते. गाडी तशीच पुढे गेली. सिस्टरनं वजन घेतलं, म्हणाली, काका, ह्या वेळी पाणी चांगलं सांभाळलं. हे म्हणाले, "सांभाळतच नोहतो. कालपासून भेव वाटते बायकोचा."

मी हसले नाही. कालपासून मी ह्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. ताट वाढते, गोळ्या देते, गाडी चालवते, पण बोलत नाही. हेमराजला खरं सांगायचं की नाही तेही अजून ठरवलेलं नाही, त्या बिचाऱ्यानं उगाच शिव्या खाल्ल्या.

येताना उलटी झाली. पिशवीची गाठ मारता मारता हे म्हणाले, "मंगळवारी किती वाजता निघाचं?"

दीड वर्षात पहिल्यांदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही, समोरचा ट्रक पाहत राहिले. राग गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही.

पण इथे लिहून ठेवते. पाच वाजता.